आबांचं मौन आणि नानांचा मका

खानदेशात जाऊन आलो असं सांगितलं की पुण्यातली माणसं दोनच गोष्टी विचारतात. ऊन केवढं होतं आणि केळी आणलीत का. ऊन होतं आणि केळी आणली नाहीत. मी गेलो होतो मका बघायला. हे सांगितल्यावर समोरचा माणूस माझ्याकडे कीव आल्यासारखा बघतो आणि विषय बदलतो. त्यामुळे सगळी हकीकत लिहूनच काढावी म्हटलं.

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. चोपड्याहून सातपुड्याच्या दिशेने बैलगाडी निघाली की केळीच्या बागा संपतात, कपाशी सुरू होते आणि मग ते गाव येतं, इतकं पुरे. नाव लिहायचं नाही या अटीवरच मला लिहायची परवानगी मिळाली आहे. अट घालणारे गृहस्थ वयाने आणि आवाजाने माझ्यापेक्षा बरेच मोठे आहेत.

मी एका शेतीच्या मासिकात मुद्रितं तपासतो. पिकांवर लिहिणारे आमचे सहकारी ऐन आश्विनात कावीळ होऊन पडले आणि संपादकांनी खोलीभर नजर फिरवली. खोलीत मी एकटाच होतो. "संकरित मका," ते म्हणाले, "उद्याचं पीक आहे. पीक कापून वजन करणार आहेत, ते डोळ्यांनी बघून या." मी मूळचा रत्नागिरीकडचा. मका म्हणजे पर्वतीच्या पायथ्याशी लिंबू-मीठ लावून मिळणारी वस्तू, एवढीच माझी माहिती. ती वस्तू कुठेतरी उगवतही असेल, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

धुळे, आणि विनाकारण सोनगीर

धुळ्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. समोरच्या हॉटेलात शेवभाजी मागवली. कोकणी माणसाला वाटतं की तिखट आपल्यालाही कळतं. पहिल्या घासाला कान गरम झाले, दुसऱ्याला डोळ्यांतून धारा लागल्या, आणि तिसरा घास घेतला तो केवळ गल्ल्यावरचे मालक कौतुकाने बघत होते म्हणून. रस्सा लाल नव्हता, काळा होता, तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

त्या डोळ्यांनी एसटीची पाटी काही वाचता येईना. जवळची गाडी धरली. बऱ्याच वेळाने कंडक्टर आला. मी अमळनेरचं तिकीट मागितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "अमळनेरनी गाडी तठेच उभी व्हती भाऊ. हाई शिरपूरनी शे. आते सोनगीरले उतरा, किल्ला पहा, नि परतनी गाडी पकडा."

उतरलो. किल्ला खालून पाहिला. गावात तांब्या-पितळेची भांडी ठोकण्याचा आवाज चालला होता. एका दुकानदाराने मला बसायला पाट दिला, पाणी दिलं, आणि मी कशासाठी आलो हे ऐकून घेतलं. शेवभाजीमुळे आलो, असं मी खरं तेच सांगितलं. त्याला त्यात काही नवल वाटलं नाही.

अमळनेर

अमळनेरला चंपालाल शेठ भेटले. यांचे आजोबा मेवाडातून आले, इथे धान्याचं दुकान घातलं आणि इथलेच झाले. आमच्या संपादकांची त्यांच्याशी जुनी ओळख. शेठ पांढऱ्याशुभ्र गादीवर बसले होते. मी मक्याचं नाव काढताच ते लोडावरून सरळ उठून बसले.

"आमच्या मुलखात मक्कीची रोटी खाऊन माणसं लढाईला गेली," ते म्हणाले. "इथे म्हणतात, ढोराचं खाणं आहे. मी हसतो. तुम्ही अंगात सदरा घातलाय ना? त्याच्या सुताला गिरणीत खळ लावली, ती मक्याची. कोंबडी अंडं देते, ती मका खाऊन. बिस्किटात मका, औषधाच्या गोळीत मका. पाकीट बंद करताना जीभ लावता, तो डिंकसुद्धा पुष्कळदा मक्याचा."

म्हणजे मी गेली कित्येक वर्षं लेखकांची हस्तलिखितं साभार परत पाठवताना मकाच चाटत होतो. हे ऐकून मला त्या पिकाबद्दल जरा आपुलकी वाटू लागली.

"आता इकडेही स्टार्चचे कारखाने निघायचं बोलणं चाललंय," शेठ पुढे म्हणाले. "कापसाला बोंडअळी, केळीला वारा. मक्याला खाणारी तोंडं मात्र वाढतच जाणार. पण पिकवतो कोण? तुम्ही ज्या नानाकडे चाललात ना, तो एक वेडा निघाला. आता त्याचा भाऊ त्याला शहाणा करून सोडतो की काय, याची मला काळजी आहे."

वावर

नाना चोपड्याच्या स्टँडवर गाडी घेऊन आले होते. सडपातळ, हसरा माणूस. पण हसता हसता मधेच थांबायचे आणि बैलांच्या शेपट्यांकडे बघत राहायचे. वाटेत त्यांनी काय ते सांगितलं.

घरात दोघे भाऊ. थोरले आबा. जमीन एकत्र आणि शब्द आबांचा. नानांनी आयुष्यात कधी आबांपुढे मान वर केली नव्हती, ती या मक्यासाठी केली. विहिरीजवळचं चांगलं काळं वावर मागून घेतलं आणि त्यात संकरित बी पेरलं. आबांना दोन गोष्टी खटकल्या. एक तर मका ढोरांनी खायचा. दुसरं, या पिकाचं बी घरात ठेवून चालत नाही, दर साली नवं आणावं लागतं.

"आबा म्हंतस, ज्यानं बी घरमा ऱ्हात नही, ते पीक घरनं नही, पाव्हणा शे," नाना म्हणाले. "मारुतीना पारवर आख्खा गावना समोर सांगं त्यास्नी, का हाऊ मकाना दाना मी तोंडमा घालाव नही."

आणि अट अशी, की उद्या तालुक्याचे शेतीसाहेब मक्याचा तुकडा दोर लावून आखून देतील. तेवढ्याच मापाच्या दुसऱ्या तुकड्यातली गेल्या सालची आबांची ज्वारी पोत्यात बांधून ठेवली आहे. एका पारड्यात ती, दुसऱ्यात मक्याचे दाणे. मक्याचं पारडं खाली गेलं तर ठीक. नाही तर वावर परत कपाशीला, आणि नानांनी पुन्हा मक्याचं नाव काढायचं नाही.

"आणि खाली गेलं तर आबा मानतील?" मी विचारलं.

नानांनी कासरा सैल सोडला. मग म्हणाले, "काटा खाली जाई हो. आबा खाली जाई तैं खरं." मग जरा हसून त्यांनी सांगितलं, की आबांनी जळगावला जाऊन नवी कवळी बसवून आणल्यापासून त्यांचा आवाज आणखीच वाढला आहे. लग्नाला, बारशाला, कुठेही गेले की आधी हसून दाखवतात आणि मग बोलतात.

वावर लांबूनच दिसलं. पुरुषभर उंचीचा मका, वाळून पिवळा पडलेला, आणि मागे सातपुड्याची निळी रांग. आमच्याकडे भात गुडघ्याएवढा, त्यात उभं राहिलं की माणूस मोठा वाटतो. इथे मी पार हरवून गेलो. फक्त बांधाच्या कडेची एक ओळ हिरवीगार होती. ती का, म्हणून विचारलं. "उरेल बी अक्कानी टोबं," नाना म्हणाले. अक्का म्हणजे त्यांची बायको. सगळी पेरणी आटोपल्यावर, बऱ्याच दिवसांनी अक्कांना ही हौस आली होती.

त्या बांधावरून आम्ही पुढे झालो तर धूर दिसला. चुलीएवढा छोटा जाळ, अजून धगधगता. शेजारी कणसाची सोललेली पानं. पळसाच्या पानात मीठ आणि कुटलेली मिरची. वर काडेपेटी. माणूस नाही.

नानांचा चेहरा उतरला. "चोर," ते हळूच म्हणाले. "आखायच्या आदल्या दिवशी."

तेवढ्यात मक्यात काहीतरी खसखसलं. भलंमोठं काहीतरी धाडधाड ताटं मोडत आत आत गेलं. "रानडुक्कर!" असं मी ओरडलो म्हणतात. मला एवढंच आठवतं, की राखणीच्या माळ्याला शिडी होती आणि मी ती न वापरता वर पोचलो. वरून मी नानांना धीर दिला. बराच वेळ झाल्यावर माझ्या मनात आलं, की रानडुकराला काडेपेटी कशाला लागेल. पण तोवर खसखस थांबली होती.

मी खाली आल्यावर नानांनी, एवढं सगळं होऊनही, बांधावरची दोन हिरवी कणसं तोडली आणि चोराच्याच जाळावर भाजली. "कनीस खाद्याशिवाय वावरमाथीन पाव्हणा जात नही," ते म्हणाले. चोराचंच मीठ-मिरची लावून आम्ही ती खाल्ली. कणीस इतकं कोवळं की दाण्यातून दूध आलं. मी पर्वतीला लिंबू-मीठ लावून आजवर काय खात होतो कोण जाणे.

आबा

घरी गेलो तर आबा ओट्यावर बसलेले. कडक इस्त्रीचं धोतर, डोक्याला टोपी आणि तोंडाभोवती उपरणं गुंडाळलेलं. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली. मी प्रवासाचं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्या धोतराच्या खळीत मका असतो, हे चंपालाल शेठांचं ज्ञान मी मोठ्या उत्साहाने ऐकवलं. यावर ते उठून आत गेले.

"रागायनात," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात इतकी खंत होती की मला शेठांचा आणि त्यांच्या खळीचा राग आला.

जेवायला वरण-बट्टी होती. बट्टी म्हणजे जाडसर कणकेचा गोळा वाफवून, कापून, तळलेला. वरून तूप. शेजारी वांग्याची घोटलेली भाजी. मी बट्टीवर तुटून पडलो. आबांनी ताटाकडे पाहिलं, बट्टी बोटाने दाबून पाहिली आणि बाजूला सारली.

"बट्टीमा मकानं पीठ घालेल शे थोडं," नाना माझ्या कानात म्हणाले. "आबास्ले ठावकं पडनं. आते मना घरनं अन्नबी बंद." त्यांचाही घास मग पुढे गेला नाही.

इतक्यात दाराआडून बांगड्या वाजल्या आणि अक्कांचा आवाज आला. "पाव्हणा, त्यास्ले सांगा, वाटीमा दूध शे. बट्टी कुस्करी ठेयेल शे त्यानामा."

आबा माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते आणि ऐकायला त्यांना काही कमी येत नव्हतं. तरी मी आज्ञेप्रमाणे सांगितलं, की वाटीत दूध आहे. इकडची रीत अशी, की धाकट्या भावाची बायको जेठाशी, म्हणजे थोरल्या दिराशी, बोलत नाही. डोक्यावरचा पदर पुढे ओढायचा आणि जे सांगायचं ते भिंतीला, मुलाला किंवा पाहुण्याला सांगायचं. लग्न होऊन आल्यापासून अक्का आबांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. आमच्याकडे माझी काकू आणि तिचे थोरले दीर फणसावरून समोरासमोर भांडतात, आणि भांडण संपल्यावर तोच फणस एकत्र बसून खातात. कुठली रीत बरी, ते मी ठरवू शकत नाही.

आबांनी ते दूध मुकाट्याने पिऊन टाकलं. मक्याचं पीठ असलेली बट्टी कुस्करलेली चालते आणि अख्खी चालत नाही, हे मला जरा विचित्र वाटलं. पण मोठ्या माणसांचे राग असेच असतात, असं म्हणून मी आणखी एक बट्टी घेतली.

काटा

सकाळी तालुक्याचे शेतीसाहेब सायकलवर आले. त्यांनी खुंट्या ठोकल्या, दोर ताणला, आणि नेमका मधला, काल जिथे खसखस झाली तोच भाग आखून निघाला. बायकांनी खुंट्यांना हळद-कुंकू लावलं. साहेब म्हणाले, याची गरज नाही. बायका म्हणाल्या, असू द्या.

कणसं तोडून टोपल्यांनी कडुनिंबाखाली आली. फांदीला मोठा तराजू टांगला. एका पारड्यात आबांची ज्वारी चढली आणि दुसरं पारडं वर जाऊन बसलं. बायका गोल करून दाणे काढायला बसल्या. साहेबांनी नियम सांगितला, की आखलेल्या तुकड्यातून जे जे निघेल ते सगळं पारड्यात पडलं पाहिजे, एक दाणा इकडे तिकडे होता कामा नये. आबा समोर बाजेवर बसले होते. उपरणं तसंच तोंडाभोवती. सगळा गाव जमला होता आणि अधूनमधून त्यांच्याकडे बघत होता. पार गाजवणारा माणूस कालपासून अवाक्षर बोलला नव्हता. एवढा राग गावाने कधी पाहिला नव्हता.

पारड्यात दाणे पडत गेले. तराजूचा दांडा हळूहळू कलला, जवळजवळ सरळ झाला आणि तिथेच अडून बसला. टोपलीत थोडीच कणसं उरली. नाना माझा दंड धरून उभे होते. तो दंड त्यानंतर बरेच दिवस दुखला.

आणि अक्कांचा हात थांबला.

त्यांनी टोपलीतून एक कणीस काढलं होतं. त्याला पानं नव्हती. ते एका बाजूने भाजून काळं झालं होतं. आणि मधोमध, दाण्यांत घट्ट रुतून, गुलाबी हिरड्यांसकट वरच्या दातांची अख्खी कवळी बसली होती.

अक्कांनी पदर पुढे ओढला. कवळी कोणाची हे अख्ख्या जिल्ह्याला माहीत होतं. पण ज्यांची होती त्यांच्याशी बोलायची त्यांना सोय नव्हती, आणि त्यांच्याकडे बघायचीही नव्हती. त्या उठल्या, सरळ माझ्याकडे आल्या आणि ते कणीस माझ्या हातात ठेवलं.

"ज्यानं व्हई त्याले द्या," त्या म्हणाल्या.

मी पुण्याहून मका बघायला आलो होतो. हातात दुसऱ्याचे दात धरून भर गावात उभं कसं राहायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं. साहेब चष्मा सावरत जवळ आले.

"हे काय?"

"कणीस," मी म्हणालो.

"ते दिसतंय. आखलेल्या तुकड्यातलंच ना? मग दाणे पारड्यात पडले पाहिजेत." मग ते जरा विचारात पडले. "दात काढून घ्यावे लागतील. दात उत्पन्नात धरता येणार नाहीत."

कोणी हसलं नाही. सगळा गाव एकदम कडुनिंबाचा पाला बघायला लागला. नाना मात्र कणसाकडे बघत होते, मग बाजेकडे, मग परत कणसाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती होती. मग तिथे असं काही आलं, की मला एकदम त्या दोघांचं लहानपण डोळ्यांसमोर दिसलं. माझा दंड सुटला.

आबा उठले. धीमेपणाने आले. माझ्या हातातून कणीस घेतलं, अंगठ्याने दाबून कवळी सोडवली, मक्याच्या खळीतल्या त्या कडक धोतराच्या सोग्याला पुसली, आमच्याकडे पाठ केली आणि ती तोंडात बसवली. वळले. जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिला. कणसातले दाणे स्वतःच्या हाताने काढून पारड्यात टाकले. आणि कालपासून पहिल्यांदाच बोलले.

"जून व्हई गयं," ते म्हणाले. "हाई आठ रोज आधी तोडाले पाहिजे व्हतं."

"आबा," नाना म्हणाले.

"पुढला साल दोन दाव पेरजो. अर्धं आधी, अर्धं मागून. म्हंजे कवळं कनीस लवकर सरत नही." एवढं सांगून ते बाजेकडे निघाले.

साहेब मागून ओरडून सांगत होते, की मक्याचं पारडं जमिनीला टेकलं आहे, सर्वांनी नीट पाहून घ्यावं. एकही माणूस तिकडे बघत नव्हता. नानांनी उपरण्याने डोळे पुसले आणि मला उगाचच म्हणाले, मक्याचं कूस फार उडतं.

तेवढ्यात अक्का बोलल्या. दाणे काढता काढता, पदराआडून, नवऱ्याकडे तोंड करून. पण आवाज असा, की बाजेपर्यंत नीट पोचावा.

"त्यास्ले सांगा, कवळं कनीस त बांधवर ठेयेल व्हतं. त्यास्नाकरताच मागून टोबेल व्हतं. मीठ-मिरचीबी ठेवस मी रोज. मंग वावरमा घुसीसन जून कनीसले कसाले तोंड लावं?"

नाना सांगायला वळले, पण गरज पडली नाही. आबा वाटेतच थांबले होते. एवढे दिवस आपण चोरून खातो आहोत आणि कोणाला पत्ता नाही, अशी त्यांची समजूत असावी. मीठ-मिरची कोण ठेवतं हा प्रश्न त्यांना पडला नव्हता. भुकेल्या माणसाला तो पडत नाही, मलाही पडला नव्हता.

मग त्यांनी वळून धाकट्या भावाकडे पाहिलं आणि बोट माझ्याकडे केलं.

"तिले सांग," आबा म्हणाले, "बांधवरच बठेल व्हतू. हाऊ पुणावाला उना, तं कनीस तोंडमाच धरीसन पळनू."